मोडशी, हैजा आणि अहमदनगरचा दरबार

उन्हाळ्याच्या सुटीत भाची घोडेगावला आली होती. एमबीबीएसला आहे. ओसरीवर बसून ती पोटाच्या तपासणीचा धडा घोकत होती. आधी नुसते पाहायचे, मग हाताने चाचपायचे, बोटाने ठोकायचे, स्टेथोस्कोपने आतड्यांचा आवाज ऐकायचा. पुढचे पान जुलाबाच्या रोग्याचे होते. डोळे खोल गेलेत का, तहान किती आहे, कातडीला चिमटा घेतला तर ती लगेच पूर्ववत होते का, नाडी लागते का.

पलंगावरून नानी म्हणाली, ‘‘ये तो हैजे की निशान्यां हैं.’’ शेजारच्या काकू तिथेच धान्य निवडत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘आमच्यात मोडशी म्हणायचे. मोठी साथ आली की पटकी.’’ भाची हसली, ‘‘मामू, पुस्तकात एकच शब्द आहे, कॉलरा.’’

मी तिला सांगितले की, नानीचा हैजा आणि काकूंची मोडशी हे दोन्ही शब्द साडेचारशे वर्षांपूर्वी एकाच पुस्तकात छापले गेले आहेत. आणि त्या पुस्तकाचा एक धागा आपल्या नगरच्या दरबारापर्यंत येतो.

पुस्तक लिहिणारा गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज डॉक्टर. १५३४मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि गोव्यात स्थायिक झाला. सालामांका आणि अल्काला इथल्या विद्यापीठांत तो शिकला होता. त्या काळी युरोपात वैद्यक शिकायचे म्हणजे इब्न सीना आणि अल-राझी यांचे ग्रंथ लॅटिन भाषांतरातून वाचायचे. अरबी नावे भाषांतरात मोडूनतोडून येत. ओर्ताला मूळ उच्चार हवे होते आणि ते त्याला अहमदनगरला मिळाले.

बुऱ्हाण निजामशहा (पहिला) याच्याशी ओर्ताची चांगली दोस्ती होती. त्याच्या आजारपणात ओर्ता नगरला येई. दरबारात अरबी-फारसी जाणणारे हकीम होते. ओर्ता स्वतःच लिहितो की, रोगांची आणि औषधांची अरबी नावे निजामशहाने आपल्याला शिकवली, आणि आपण त्याला लॅटिन नावे सांगितली. निजामशाही म्हटले की आपल्याला किल्ले, लढाया, फितुरी आठवते. एक सुलतान आणि एक डॉक्टर समोरासमोर बसून रोगांच्या नावांची देवघेव करताहेत, हे चित्र आपल्या शाळेच्या पुस्तकात कधी आले नाही.

१५६३मध्ये गोव्यात ओर्ताचे पुस्तक छापले गेले. ते संवादरूपात आहे. त्यातल्या एका प्रकरणात दोन डॉक्टर बोलत असतानाच रोग्याकडून निरोप येतो आणि दोघे उठून त्याला पाहायला जातात. नाडी इतकी क्षीण की जेमतेम लागते. कातडी थंड, अंगाला गार घाम. रोगी मात्र आत आग होते म्हणतो, तहान भागत नाही. डोळे खोल गेलेले, पायात गोळे. भाचीच्या पुस्तकातल्या तक्त्याशी ताडून पाहा. ना रक्ताची तपासणी, ना सूक्ष्मदर्शक. केवळ डोळे आणि बोटे. ओर्ता नावेही देतो : अरब याला हैजा म्हणतात, इथले लोक मोडशी. मोडशीचे पोर्तुगीजांनी ‘मोर्देशी’ केले. पुढे फ्रेंचांच्या तोंडी त्याचे ‘मोर द शियें’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’ झाले. आपल्या ‘मोडणे’ या साध्या क्रियापदाचा हा प्रवास!

मग रोग शरीरात नेमका कुठे असतो? १५४३मध्ये गोव्यात मोठी साथ आली. गव्हर्नरच्या हुकुमाने एक प्रेत उघडून पाहिले गेले, असे गास्पार कोरेया हा पोर्तुगीज इतिहासकार लिहितो. जठर आकसून सुरकुतलेले दिसले, बाकी काही सापडले नाही. त्याच वर्षी वेसालियसचा शरीररचनेचा प्रसिद्ध ग्रंथ बाझलला छापला गेला होता. पण कॉलरा सुरीला सापडणारा नव्हता. तो लहान आतड्यात असतो आणि तिथले अस्तर फाडतही नाही. जंतूच्या विषामुळे अस्तराच्या पेशी क्षार आणि पाणी बाहेर सोडत राहतात. जंतू पहिल्यांदा पाहिला पाचिनीने, १८५४मध्ये. कॉखने तो इजिप्त आणि कलकत्त्यात १८८३-८४मध्ये पक्का केला.

ओर्ताने इथल्या वैद्यांचे उपायही नोंदवले. पायाला डाग देत. त्याचा उपयोग नव्हता. पण ते मिरी-जिरे घालून भाताची कांजी पाजत. कांजी हा शब्दही त्याने जसाच्या तसा घेतला. कॉलऱ्यात आतडे पाणी सोडत असले, तरी ग्लुकोजबरोबर मीठ आत ओढून घेण्याची त्याची शक्ती शाबूत असते, हे कळायला विसावे शतक उजाडले. भातातला स्टार्च पोटात ग्लुकोज होतो. त्यात बेताचे मीठ पडले की पाणी पुन्हा शरीरात जाते. १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचे पाणी पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले.

नगरची ही परंपरा बुऱ्हाणशहापाशी थांबली नाही. लहानपणी इराणमधून नगरला आलेला मुहंमद कासीम फरिश्ता आपल्याला इतिहासकार म्हणून माहीत आहे. त्याने ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ हा वैद्यकाचा ग्रंथही लिहिला; फारसी वाचणाऱ्यांना इथल्या वैद्यांच्या विद्येची ओळख करून देणारा.

ओर्ताचे पुढे काय झाले? त्याचे घराणे मुळात ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेले. १५६८मध्ये तो वारला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या धर्मन्यायालयाने जिवंत जाळले. १५८०मध्ये त्याचीही हाडे उकरून जाळली गेली. ज्याने इब्न सीना वाचला, सुलतानाकडून शब्द घेतले आणि वैद्याची कांजी नोंदवली, त्याचा हिशेब शेवटी त्याच्या जन्माच्या धर्मावरून केला गेला.

भाचीने वही उघडली. ‘कॉलरा’च्या समोर तिने हैजा आणि मोडशी असे दोन्ही शब्द लिहिले. म्हणाली, ‘‘उद्या वॉर्डात रोगी याच भाषेत बोलणार ना, मामू. तक्ता मी नंतर भरीन, आधी तो काय म्हणतो ते तर कळायला हवे.’’ तेवढ्यात काकूंनी विचारले, ‘‘आणि आमच्या पटकीचं काय?’’ तिने तिसरा शब्दही लिहून घेतला.