स्प्रिंगची बंदूक आणि सिलिंडरवरची तारीख

दिवाळीची आवराआवर म्हणून परवा माळ्यावरून दोन लांबट पेट्या खाली काढल्या. एकीत माझी स्प्रिंगची एअर रायफल, दुसरीत नातीची पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच हवा भरून ठेवायची ती. माझी १९८६ साली घेतलेली, तिची २०१४ ची. आणि गंमत बघा, मुदत संपलीये ती तिच्या सिलिंडरची! त्यावर येतोच, पण आधी जरा इतिहास सांगतो. या दोन बंदुकींच्या भांडणात माझी एक चूक दडलेली आहे, ती त्याशिवाय कळायची नाही.

आपल्यापैकी बहुतेकांनी हवेची बंदूक पहिल्यांदा हातात घेतली ती जत्रेत, फुगे फोडायला. नळी मोडून खाली दाबली की आतली जाड स्प्रिंग दबते. चाप ओढला की ती सुटते, दट्ट्या पुढे धावतो, पुढची हवा दाबली जाते आणि छर्रा बाहेर पडतो. गोम अशी की छर्रा अजून नळीतच असतो आणि बंदूक आधी मागे, मग दट्ट्या आपटला की पुढे, असे झटके देते. फुग्याला हे चालतं. स्पर्धेत लक्ष्य दहा मीटरवर आणि मधला दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे कसं चालावं?

पण म्हणून स्प्रिंग लगेच हरली असं मात्र नाही. जर्मन कारागिरांनी तिच्यावर जी अक्कल लढवली ती वाचून मी थक्क झालो होतो. डायना कंपनीने विरुद्ध दिशांना धावणारे दोन दट्टे बसवले, म्हणजे एकाचा झटका दुसऱ्याने खाऊन टाकायचा. ओबर्नडॉर्फच्या फाइनवेर्कबाउने वेगळाच विचार केला. नळी आणि यंत्र दस्त्यावर रुळांवर बसवलं. गोळी सुटली की ते जरासं मागे सरकतं आणि खांद्याला टेकलेला दस्ता जागच्या जागी राहतो. १९६६ साली वीसबाडेनला दहा मीटर एअर रायफल जागतिक स्पर्धेत आली, आणि पुढची कित्येक वर्षं या घराण्याच्या ३०० मॉडेलचा दबदबा होता. माझी त्याच जातीची. महूच्या एका निवृत्त फौजी अधिकाऱ्याकडून जुनी घेतलेली. पगार बँकेचा, त्यामुळे घरात काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

मग वाल्थरने सत्तरच्या दशकात स्प्रिंगच काढून टाकली. एका दांडीने हवा आत दाबून ठेवायची, चाप ओढला की सोडायची. आपटायला काही उरलंच नाही. १९८४ साली लॉस एंजेलिसला हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला, तोवर स्प्रिंगचे दिवस भरत आले होते. मधे काही वर्षं कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर चालले, पण त्या वायूचा दाब तापमानाप्रमाणे बदलतो. आपल्याकडच्या मे महिन्यात त्याचं काय होणार, सांगायलाच नको. शेवटी साधी कोरडी हवाच २०० बारपर्यंत भरायची युक्ती टिकली. मधला रेग्युलेटर प्रत्येक गोळीला सारखाच दाब देतो. मी नातीला आमच्या भाषेत सांगायचो, स्प्रिंग म्हणजे रोज कमवा रोज खा, आणि पीसीपी म्हणजे ठेव ठेवून दरमहा ठरलेलं व्याज.

आता चूक. नात आठवीत असताना नेमबाजीचं वेड घेऊन आली. अभिनव बिंद्राचं बीजिंगचं सुवर्ण होऊन काही वर्षं झाली होती, लंडनला हैदराबादच्या गगन नारंगने याच प्रकारात कांस्य आणलं होतं. आमच्या मराठी घरांत तर सिडनीची अंतिम फेरी गाठलेल्या अंजली भागवतचं नाव आधीपासूनच होतं. मी माझी रायफल तिच्या हातात ठेवली. म्हटलं, "बेटा, स्प्रिंगवर नेम बसला तर कशावरही बसेल." यात खोटं काही नव्हतं. स्प्रिंगमध्ये छर्रा बाहेर पडायला क्षणभर जास्त लागतो, त्यामुळे चाप ओढल्यावरही श्वास धरून तसंच उभं राहावं लागतं. ती सवय तिला लागली, आजही आहे.

पण तेव्हा मुलींना स्पर्धेत ४० गोळ्या असायच्या. सराव धरून पन्नास-साठ वेळा ती पोर रायफल खांद्यावरून उतरवायची, बाजूची दांडी ओढायची, पुन्हा पाय, कंबर, कोपर जुळवायची. शेजारच्या मुली छोटीशी कळ उघडून छर्रा घालत आणि बंदूक जवळजवळ जागची हलवतच नसत. पहिल्या दोन फेऱ्यांत ती बरोबरीत होती. शेवटच्या दहांत हात थरथरला. राज्याच्या संघातली जागा तीन गुणांनी गेली.

ती रडली नाही. गाडीत एवढंच म्हणाली, "आजोबा, त्यांची दांडी कुणीच ओढत नाही हो."

माझी ३०० आजही टेबलावर घट्ट बांधून झाडली तर एकाच भोकात छर्रे घालते, अचूकपणात कुठे कमी नाही. पण चौदा वर्षांच्या मुलीचे खांदे मी हिशेबात धरलेच नव्हते. आयुष्यभर लोकांची कर्जप्रकरणं तपासली आणि घरातलं हे एक तपासायचं राहिलं! पुढच्या वर्षी एफडी मोडून पीसीपी आणली. दोन वर्षं ती छान खेळली, एकदा संघातही गेली, मग बारावी आणि इंजिनिअरिंग. पहिलं वर्ष मात्र परत आलं नाही.

आता तारखेचं. या सिलिंडरवर बनावटीची तारीख कोरलेली असते. दहा वर्षं उलटली की स्पर्धेत तो चालत नाही, कारण आत एवढा दाब असताना जुना धातू धोक्याचा. सुरक्षिततेचा नियम आहे, योग्यच आहे. तरी दोन्ही रायफली पलंगावर शेजारी ठेवल्यावर सौ. म्हणालीच, "तुमचीच टिकली म्हणायची!" मी काही बोललो नाही.

रात्री नातीला पुण्याला व्हिडिओ कॉल करून तारीख दाखवली. म्हणाली, "नवा सिलिंडर मागवा आजोबा, मी भाऊबीजेला येतेय. आणि तुमचीपण तेल घालून ठेवा."

सिलिंडर मागवलाय.