थंडी ओसरल्यानंतर

सन १९११ च्या जूनअखेरीस, अंटार्क्टिकावरील अखंड काळोखात, कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतील तिघे जण एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी निघाले. विल्सन, बॉवर्स आणि पंचवीस वर्षांचा चेरी-गॅरार्ड. पाच आठवड्यांच्या त्या प्रवासात पारा शून्याखाली ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. अंगावरचे कपडे गोठून चिलखतासारखे ताठ झाले. तरीही तिघे तीन अंडी घेऊन जिवंत परतले.

शरीराची उष्णता ३५ अंशांखाली गेली की विचारशक्ती मंदावते आणि निर्णय चुकू लागतात. ऊब मिळाली की ही भ्रांती बहुधा ओसरते. मनावरचे ओझे मात्र असे वितळत नाही.

मार्च १९१२ मध्ये चेरी-गॅरार्ड वन टन नावाच्या शिधासाठ्यापाशी स्कॉटची वाट पाहत थांबला होता. हिमवादळ चालू होते, कुत्र्यांचे खाद्य अपुरे होते. तो माघारी वळला. नोव्हेंबरमध्ये स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स यांचे देह सापडले, ते त्या साठ्यापासून सुमारे २० किलोमीटरांवर. शोधपथकात तोही होता.

मिळालेल्या आज्ञेप्रमाणे पाहता त्याचा दोष नव्हता. परंतु आपण पुढे गेलो असतो तर, या प्रश्नाने त्याची पाठ सोडली नाही. १९२२ मध्ये त्याने त्या प्रवासाचा प्रसिद्ध वृत्तांत लिहिला. तरीही विषण्णतेचे झटके त्याला पुढेही येत राहिले. १९५९ मध्ये तो निवर्तला. गारठ्यातून त्याचे शरीर पाच आठवड्यांत बाहेर आले होते. मनाला उभा जन्म पुरला नाही.