विहीर, शेळ्या आणि वरून येणारी हवा

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोललो तसंच ठेवलंय, अडखळणं तेवढं काढून टाकलं.

आजचा विषय आहे पाण्याखालच्या माणसाला नळीतून हवा पुरवण्याचा इतिहास. आता दिग्रसकडचा, समुद्रापासून पाचशे किलोमीटर लांबचा आणि पुण्यात बसून कोड लिहिणारा माणूस पाणबुड्यांवर का बोलतोय? कारण आमच्या शेतातली विहीर.

माझ्या मोठ्या काकांना मी पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच्या एका उन्हाळ्यात पाणी खोल गेलं, म्हणून डिझेल इंजिन विहिरीच्या आत उतरवलं होतं. ते मधेच बंद पडलं. काका बघायला उतरले आणि परत आले नाहीत. त्यांच्यामागे उतरू पाहणाऱ्या गड्याला आजोबांनी धरून ठेवलं, म्हणून त्या दिवशी घरातून एकच गेला. तेव्हापासून आजोबांचा नियम, "पहिले कंदील सोडाचा, मंग माणूस."

मी बरीच वर्षं हा नियम पक्का समजत होतो. तो अर्धाच आहे. विहिरीत प्राणवायू कमी असेल तर कंदील विझतो, हे खरं. पण इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारतो आणि कंदील तसाच जळत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात प्राणवायूची जागा तोच अडवून बसतो.

हे नीट मांडलं जॉन स्कॉट हाल्डेन या स्कॉटिश शास्त्रज्ञानं. 1890च्या दशकात त्यानं हा वायू स्वतः हुंगून परिणाम टिपले. 1896च्या अहवालात त्यानं दाखवलं, की कोळसा खाणीतल्या स्फोटानंतर बरेच जण भाजून नव्हे तर या वायूनं मरतात. म्हणून खाणीत उंदीर, पाखरं असे छोटे जीव न्या, ते माणसाच्या आधी कोसळतात, हा त्याचाच सल्ला. खाणीतली कॅनरी म्हणतात ती इथून आली. आपल्या वणीकडच्या खाणवाल्यांना हे सांगायला नको.

आणि हाच माणूस पाणबुड्यांच्या इतिहासातही मधोमध उभा आहे. पण त्याच्या आधी थोडं मागे जाऊ.

1823मध्ये चार्ल्स डीन यानं आगीच्या धुरात शिरण्यासाठी हेल्मेटचं पेटंट घेतलं. पुढे तेच पाण्यात वापरायला लागले. वरून पंपानं हवा ढकलायची, जास्तीची खालून निघून जाते. अडचण अशी की माणूस फार वाकला तर आत पाणी शिरायचं. मग 1837च्या सुमारास ऑगस्टस सीबे यानं हेल्मेट अंगभर रबरी पोशाखाला जोडून टाकलं. माझ्या मते या सगळ्या यंत्रातला हिरो मात्र एक क्षुल्लक झडप आहे. नळी वरच्या बाजूला फुटली तर तिच्यातला दाब एकदम पडतो आणि पाण्याचा दाब माणसाला अक्षरशः हेल्मेटात चेपतो. हवा आत जाऊ देणारी, पण मागे न सोडणारी झडप हे थांबवते.

पाणी नसलेल्या ठिकाणीही हाच खेळ चालू होता. 1841मध्ये फ्रान्समध्ये त्रिजे या इंजिनिअरनं ल्वार नदीच्या वाळूखालच्या कोळशापर्यंत पोचायला लोखंडी नळकांडं घातलं आणि आत दाबाची हवा भरून पाणी हटवलं. मजूर बाहेर आले की सांधे ठणकायचे. पुढे ब्रुकलिन पुलाच्या पायासाठी उतरलेल्यांचंही तेच, काही मेले, काहींचे पाय गेले. 1878मध्ये पॉल बेर यानं कारण पकडलं. दाबाखाली नायट्रोजन रक्तामांसात विरघळतो आणि माणूस झटकन वर आला की त्याचे बुडबुडे होतात. सोड्याची बाटली फस्सकन उघडावी तसं.

मग किती सावकाश वर यायचं? हे गणित हाल्डेननं सोडवलं, आणि त्यासाठी त्यानं वापरल्या शेळ्या. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या दाबाच्या टाकीत त्यांना ठेवायचं, दाब कमी करायचा, मग कोणती पाय उचलून धरते ते बघायचं. त्याला दिसलं, की एकूण दाब निम्म्यावर आणला तरी सहसा चालतं. दोनवरून एक चालतो, तसा सहावरून तीनही. म्हणजे आधी झपकन अर्ध्यावर या, मग टप्प्याटप्प्यानं थांबत या. 1908मध्ये बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासोबत त्यानं हे तक्ते छापले. त्याआधी 1906मध्ये डॅमंट स्वतः स्कॉटलंडच्या समुद्रात 210 फूट खाली जाऊन आला होता.

त्याच मोहिमेत हाल्डेनचा तेरा वर्षांचा मुलगाही पाण्यात उतरला. पोशाख मोठा होता, आत पाणी गळत होतं. तो मुलगा म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन, जो 1957मध्ये भारतात आला, भारतीय नागरिक झाला आणि 1964मध्ये भुवनेश्वरला वारला. डॅमंटनं पुढे बुडालेल्या 'लॉरेंटिक' जहाजातून सोन्याच्या 3211 पैकी 3186 विटा काढल्या. एकही पाणबुडा न गमावता.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईपासून साधारण 160 किलोमीटरवर मुंबई हाय. तिथे 1974मध्ये तेल सापडलं. पाणी 75 मीटरच्या आसपास, म्हणजे दाब आठ पटीहून जास्त. रोज वर-खाली करण्यात दिवस जाईल, म्हणून पाणबुड्यांना जहाजावरच्या दाबाच्या खोलीत दिवसचे दिवस ठेवतात. हवा, गरम पाणी, जेवण, सगळं बाहेरून. दार लगेच उघडता येत नाही, सामान्य दाबावर आणायला काही दिवस लागतात.

27 जुलै 2005. मुंबई आदल्या दिवशीच्या पावसात बुडालेली. 'समुद्र सुरक्षा' हे जहाज मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर आदळलं, आग लागली, 22 माणसं गेली. जहाज सोडावं लागलं. आणि त्या जहाजावरच्या दाबाच्या खोलीत सहा पाणबुडे होते. त्यांना उडी मारायची सोयच नव्हती. बाहेर येणं म्हणजेच मरण. सुमारे 36 तासांनी त्यांची सुटका झाली. सहाही जिवंत. जहाज नंतर बुडालं.

आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. सर्व्हर पडला की आमची झोप जाते, बस्स एवढंच.

मागच्या उन्हाळ्यात घरी गेलो, तेव्हा जवळच्या एका धरणाच्या गेटच्या कामाला पाणबुडे आले होते. आजोबांना गाडीवर बसवून घेऊन गेलो. काठावर कॉम्प्रेसर. हवा ओढणारा पाइप वाऱ्याच्या बाजूला लांब नेलेला, धुराचं तोंड दुसरीकडे. ते मी त्यांना दाखवलं. ते काहीच बोलले नाहीत. खाली गेलेल्याच्या पाठीवर वरची हवा तुटलीच तर म्हणून छोटं सिलिंडर होतं. शिवाय एक माणूस पूर्ण पोशाख घालून, भर उन्हात, नुसता बसून होता.

"हा काऊन रिकामा बसला रे?"

मी सांगितलं, खालच्याला काही झालं तर उतरायला. याची हवा, याची नळी वेगळी.

आजोबा तासभर तिथून हलले नाहीत. खाली गेलेला वर आला, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते त्या बसलेल्याकडेच बघत होते.