शिशाच्या गाड्यांचा बाजार

मुख्य शेअरबाजाराच्या इमारतीत ज्यांना प्रवेश नव्हता असे दलाल न्यूयॉर्कच्या ब्रॉड स्ट्रीटवर, ऊन म्हणू नये की पाऊस म्हणू नये, भर रस्त्यात उभे राहून नवनव्या कंपन्यांच्या भागांची खरेदी-विक्री करीत, आणि वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांतून अर्धेअधिक बाहेर ओणवलेले त्यांचे कारकून हातांच्या खुणांनी भाव खाली पोचवीत. १९२१ साली हा बाजार छपराखाली गेला, तोपर्यंत त्याची रीत हीच होती. एकोणिसावे शतक संपत आले तेव्हा न्यूयॉर्कच्या सटोडियांच्या जिभेवर जे विषय घोळत होते, त्यांत घोड्यावाचून धावणाऱ्या गाडीचा विषय बराच वरच्या क्रमांकावर होता. ही गाडी चालणार की नाही, याविषयी फारसा वाद उरला नव्हता. वाद होता तो ती वाफेवर चालणार, विजेवर चालणार, की खनिज तेलाच्या स्फोटांवर, एवढाच.

आज आपण या वादाचा निकाल ठाऊक असलेल्या लोकांच्या तोऱ्यात त्याच्याकडे पाहतो, परंतु १९०० सालच्या अमेरिकन खानेसुमारीचे आकडे समोर ठेवले म्हणजे तो तोरा उतरतो. त्या देशात तयार झालेल्या ४,१९२ मोटारगाड्यांपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली तीही विजेच्याच गाडीने; १८९९ च्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळ कामीय जेनात्सी या बेल्जियन गृहस्थाने हा पराक्रम केला. तेव्हा विजेवर पैसा लावणारा मनुष्य भोळसट होता असे म्हणता येत नाही. त्याचे जे चुकले ते निराळ्याच ठिकाणी.

विजेच्या गाड्यांच्या ज्या कंपनीभोवती बाजारातली कुजबूज चाललेली होती तिचा उगम मात्र साधा होता. फिलाडेल्फियाचे हेन्री मॉरिस आणि पेड्रो सालोम या दोघांनी १८९४ साली ‘इलेक्ट्रोबॅट’ नावाची अवजड विद्युत्-गाडी बांधली, पुढे तिच्यात सुधारणा करून १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर डझनभर भाड्याच्या गाड्या उतरविल्या, आणि त्याच वर्षी बॅटऱ्यांच्या धंद्यातले धनिक आयझॅक राइस यांनी तो सारा कारभार आपल्याकडे घेऊन ‘इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी’ स्थापन केली. राइस हे बुद्धिबळाचे मोठे आश्रयदाते होते. एक घोडा बळी देऊन आक्रमण साधणारा त्यांच्या नावाचा एक डावही आहे, आणि त्याची तपासणी व्हावी म्हणून त्यांनी पदरच्या पैशाने सामने भरविले. व्यवहारात मात्र ते आपली प्रत्येक सोंगटी योग्य वेळी काढून घेत. १८९९ मध्ये ही कंपनी बड्या धनिकांच्या हाती सोपवून ते पाणबुड्यांच्या धंद्याकडे वळले, आणि तो धंदा टिकला.

कंपनीचे खरे वैभव गाड्यांत नव्हते, गाड्यांच्या ठाण्यात होते. ब्रॉडवेवर, पूर्वी जेथे बर्फावर घसरण्याचा खेळ चाले अशा एका प्रशस्त जागेत तिने जी व्यवस्था मांडली, तिच्यासारखी व्यवस्था पुढे शंभर वर्षांनीही लोकांना नवी वाटावी. गाडी आत येई. पाण्याच्या दाबावर चालणारी यंत्रे तिला नेमक्या जागी आणून घट्ट धरीत. हजार-बाराशे पौंड वजनाची शिशाच्या पत्र्यांची रिकामी झालेली पेटी तिच्या पोटातून बाहेर सरके, यारीने ती उचलून भरणीच्या रांगेत नेली जाई, तिच्या जागी दुसरी भरलेली पेटी बसे, आणि घोडे बदलण्यास जितका वेळ लागे त्याहूनही थोड्या अवधीत गाडीवान पुन्हा उतारूंच्या शोधात बाहेर पडे. हे दृश्य ज्याने पाहिले त्याला या धंद्याचे भवितव्य सिद्ध झाल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. याच कंपनीच्या एका गाडीवानाला १८९९ च्या मे महिन्यात ताशी बारा मैल अशा बेफाम वेगाबद्दल पोलिसांनी पकडून नेले होते, ही हकीकतही त्या काळच्या कौतुकाचाच एक भाग समजावी.

राइस बाजूला झाले आणि रंगभूमीवर विल्यम व्हिटनी आले. हे एके काळचे आरमार-मंत्री. न्यूयॉर्कची ट्रामगाडी त्यांच्या आणि त्यांच्या स्नेह्यांच्या मुठीत होती. शहराचे मक्ते कसे मिळवावेत, एका कंपनीच्या पोटात दुसरी आणि दुसरीच्या पोटात तिसरी कशी घालावी, आणि प्रत्येक थरावर नवे भागभांडवल कसे उभारावे, या विद्येत त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. सायकलींचे सम्राट म्हणून गाजलेले हार्टफर्डचे कर्नल अल्बर्ट पोप गाड्या बांधून देण्यासाठी या मंडळींना मिळाले. आता बारा हजार गाड्या बांधणार, बॉस्टन, शिकागो, फिलाडेल्फिया अशा एकेका शहरासाठी एकेक पोटकंपनी निघणार, असे जाहीर झाले, आणि येथून बाजाराचे बोलणे पालटले. गाडी किती मैल जाते, बॅटरी किती महिने टिकते, भाड्याच्या उत्पन्नातून खर्च वजा जाता काय उरते, हे प्रश्न मागे पडून ‘पाठीशी कोण आहे’ हा एकच प्रश्न उरला. आणि त्याचे उत्तर ‘व्हिटनी’ असे मिळाले की पुढची चौकशी अनावश्यक ठरे. १८६५ साली आपल्या मुंबईने बॅकबेच्या शेअरांपायी जे भोगले त्याची हकीकत ज्यांनी दिनशा वाच्छांच्या ग्रंथात वाचली असेल, त्यांना हे परके वाटणार नाही. तेथेही समुद्रातून जमीन निघण्याच्या कितीतरी आधी तिचा नफा वाटून झाला होता.

‘हॉर्सलेस एज’ या मोटारविषयक नियतकालिकाने या साऱ्या पसाऱ्यावर तुटून पडण्याचे व्रत घेतले होते, आणि ‘शिशाच्या गाड्यांचा ट्रस्ट’ अशा आशयाचे जे कुत्सित नाव कंपनीला चिकटले ते कायमचे. पत्राचा कल पेट्रोलकडे होता हे खरे, पण त्याचा मुद्दा खोटा नव्हता. शिशाच्या पत्र्यांवर जो क्रियाशील लेप असतो तो दगडी फरसबंदीवरच्या हादऱ्यांनी सुटून तळाशी गाळ होऊन बसे; गाडीवानाने आणखी एका भाड्याच्या लोभाने पेटी प्रमाणाबाहेर रिकामी केली की पत्रे आणखीच निकामी होत; आणि जी बॅटरी कागदावर वर्षानुवर्षे टिकायची ती रस्त्यावर लवकरच बदलावी लागे. कसबी माणसांनी डझनभर गाड्या सांभाळणे निराळे आणि घाईने नेमलेल्या माणसांनी शेकडो सांभाळणे निराळे. त्यातच १८९९ च्या अखेरीस ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ने कंपनीच्या एका कर्जव्यवहारात लबाडी झाल्याचा आरोप छापला. जी जीभ भाव चढविते तीच तो उतरविते. भाव कोसळले, आणि १९०१ सालापर्यंत बॉस्टन व शिकागो येथील पोटकंपन्यांचा कारभार गुंडाळला गेला.

प्रतिस्पर्ध्यांविषयीची भाकितेही याच मासल्याची होती. थॉमस एडिसन लोखंड आणि निकेल यांची नवी बॅटरी काढणार आणि शिशाला कायमची रजा मिळणार, या बातमीवर कितीतरी लोकांनी भरवसा ठेवला. ती बॅटरी बाजारात आली, गळू लागली, १९०४ मध्ये परत घ्यावी लागली, आणि सुधारून पुन्हा येईपर्यंत १९०९ साल उजाडले. पेट्रोलच्या गाडीविषयी मात्र या वर्तुळात एक प्रकारचा तुच्छभाव होता. लोक स्फोटावर बसून प्रवास करण्यास कधीच राजी होणार नाहीत, असे कर्नल पोप म्हणत असत, अशी आख्यायिका आहे.

तरीसुद्धा व्हिटनींच्या सल्लागारांनी सावधगिरीचा एक उपाय करून ठेवला, आणि या इतिहासातला सर्वांत विलक्षण भाग तोच. रॉचेस्टरचे एक पेटंट-वकील जॉर्ज सेल्डन यांनी पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीची कल्पना १८७९ साली सरकारदरबारी दाखल केली होती, ती सोळा वर्षे दुरुस्त्यांच्या निमित्ताने भिजत ठेवली होती, आणि १८९५ मध्ये तिची सनद पदरात पाडून घेतली होती. १८९९ च्या नोव्हेंबरात विजेच्या गाडीवाल्यांनी दहा हजार डॉलर आणि पुढील वसुलीतला हिस्सा देऊन हा दस्तऐवज आपल्या नावे करून घेतला. विजेचा धंदा बसला तेव्हा हाच कागद कंपनीचे उत्पन्न होऊन बसला. १९०३ मध्ये पेट्रोल-गाड्यांच्या प्रमुख कारखानदारांनी तहनामा केला, सेल्डनच्या सनदेखाली संघ स्थापन केला, आणि प्रत्येक गाडीच्या किमतीवर सव्वा टक्का भरण्याचे कबूल केले; त्यातले दोन-पंचमांश विजेच्या कंपनीच्या तिजोरीत जात. स्वतःच्या मुलखात पीक येईना तेव्हा शेजाऱ्याच्या मुलखातून चौथाई वसूल करून राहावे, तसा हा प्रकार झाला. कंपनीचे भाग ज्यांनी विजेच्या नावावर घेतले होते, त्यांच्या पैशाचे भवितव्य आता विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पेट्रोल-गाडीशी बांधले गेले.

डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड यांनी ही चौथाई देण्याचे नाकारले. १९०३ च्या ऑक्टोबरात त्यांच्यावर फिर्याद झाली. गिऱ्हाईकांना खटल्याची धास्ती घालणाऱ्या जाहिराती निघाल्या, त्यांना उत्तर म्हणून फोर्ड यांनी गिऱ्हाईकांना नुकसानभरपाईची जामीनकी देऊ केली, आणि साक्षीपुराव्यांचे डोंगर रचले गेले. १९०९ मध्ये निकाल फोर्ड यांच्याविरुद्ध लागला. १९११ च्या जानेवारीत वरिष्ठ न्यायालयाने तो फिरविला: सनद खरी, पण ती ब्रेटन नावाच्या एका जुन्या जातीच्या इंजिनापुरती, आणि ते इंजिन कोणीच वापरत नाही, फोर्ड आणि इतर सर्व कारखानदार वापरतात ते ‘ऑटो’ नावाच्या दुसऱ्या जातीचे. आठ वर्षे ज्या कागदाच्या धाकाने सव्वा टक्का वसूल झाला, त्याचे कायदेशीर मोल इतकेच निघाले.

इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी हा निकाल ऐकायला उरली नव्हती. १९०७ च्या आर्थिक घबराटीत, त्या वर्षाच्या डिसेंबरात, तिचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरांकडे गेला; १९०९ मध्ये तिच्या अवशेषांतून जी नवी कंपनी उभी राहिली ती पेट्रोलच्या गाड्या विकत होती, आणि पुढच्याच वर्षी ती ज्या मोठ्या संयुक्त कंपनीत विलीन झाली, त्या कंपनीनेही १९१२ साली दिवाळे काढले.