गोळी, पाय आणि मांजर

शुगरची गोळी लोक मधेच का सोडतात? आमच्या माढ्यात हा घरोघरचा प्रश्न आहे. "आता बरं वाटतंय की," म्हणायचं आणि पाकीट फळीवर ठेवून द्यायचं. माझ्या चुलत्यांनी तेच केलं. पायाच्या मुंग्या थांबल्या तेव्हा त्यांना वाटलं, आजार गेला. गेली होती ती पायाची जाणीव. चपलेतला खिळा दिवसभर रुतत राहिला, कळलंच नाही. शेवटी दोन बोटं काढावी लागली.

याचा इतिहास शोधायला मधुमेहाकडे नाही, कुष्ठरोगाकडे जावं लागतं. इंग्रजांनी १८९८ साली कायदा केला, गरीब कुष्ठरुग्णाला पकडून आश्रमात ठेवायचा. यात रुग्णाने स्वतः करायचं काय? काहीच नाही, पडून राहायचं. १९४० च्या दशकात डॅप्सोन आलं आणि उपचार रुग्णाच्या हातात आला. पण गोळी वर्षानुवर्षं घ्यायची, आणि ती आणायला कुष्ठरोगाच्या दवाखान्याची पायरी चढायची म्हणजे गावाला आपणहून सांगणंच की! लोक गोळी सोडत होते ते काही अडाणी होते म्हणून नाही, हे माझं मत.

त्याच काळात वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड रुग्णांचे हातपाय बारकाईने बघत होते. बोटं रोगाने आपोआप झडतात, असा सगळ्यांचा समज. ब्रँड यांना दिसलं की दुखणं कळत नाही म्हणून माणूस तापलेलं भांडं तसंच धरतो, जखमेवर चालत राहतो. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडतात, तरी जाग येत नाही! मग घरी जाणाऱ्या रुग्णाला मांजर दिलं जाऊ लागलं. हसू नका, मला हा सगळ्यात शहाणा उपचार वाटतो. रोज पाय बघा, का बघायचे ते असं, आणि हे घ्या साधन. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत गेले आणि हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठीही वापरलं गेलं.

आता आपल्या शेजारी या. माढ्याला लागून करमाळा, त्याला लागून नगर जिल्ह्यातलं जामखेड. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. आधी शिकलेल्या नर्स गावात पाठवून पाहिल्या, जमेना. मग गावातल्याच बायका निवडल्या, बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित. कुष्ठरुग्णासाठी वेगळा दवाखाना नाही, उपचार बाकीच्यांबरोबरच. गोळीची आठवण करणारी बाई त्याच्याच गल्लीतली, त्याच्या घरी पाणी पिणारी. लाज तिथेच निम्मी होते. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुऔषधी उपचार सुचवला आणि कुष्ठरोगाच्या गोळ्यांना एकदाची मुदत आली.

शुगरच्या गोळीला ती मुदत नाही, घोडं तिथेच अडतं. "पाय कापावा लागेल" ही भीती आठवडाभर पुरते. ऊसतोडीला गेलेल्या माणसाला तर गोळी संपली तर आणायची कुठून, हाच पहिला प्रश्न. माझ्या चुलत्यांना पाय उलटा करून बघायला शिकवलं ते आमच्या आशाताईंनी, ओट्यावर बसून, चहा पिता पिता. वाकता येत नाही म्हणाले, तर ताईंनी दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून दाखवला. आता रोज संध्याकाळी ते पाय बघतात आणि काकूलाही बघायला लावतात.