निवडणूक प्रचारातील संकेतस्थळे व ब्लॉग : कार्यकर्त्यांना माहीत हवे असे

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. दोन महिन्यांच्या आत, २१ व २२ मार्चला, कोल्हापूरजवळच्या माणगावात परिषद भरली. आपले म्हणणे मांडायला आपले माध्यम लागते, हे कोल्हापूरकरांना तेव्हापासून ठाऊक आहे. आज हे काम संकेतस्थळ आणि ब्लॉग कमी खर्चात करू शकतात.

फरक काय?
व्हॉट्सॲपवरचा मजकूर दोन दिवसांत मागे पडतो. संकेतस्थळावरचा जाहीरनामा पाच वर्षांनीही काढून दाखवता येतो. ब्लॉगवर शिष्यवृत्ती, गायरान जमीन, वस्तीचा रस्ता असे प्रश्न सविस्तर मांडता येतात.

नियम काय?
निवडणूक आयोगाने २५ ऑक्टोबर २०१३ रोजी याबाबत सूचना काढल्या.
- उमेदवाराने आपल्या अधिकृत समाजमाध्यम खात्यांची माहिती नमुना २६ च्या शपथपत्रात द्यायची.
- इंटरनेटवरील राजकीय जाहिरात आधी प्रमाणित करून घ्यायची. जिल्ह्यात हे काम माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समिती करते. स्वतःच्या ब्लॉगवर किंवा खात्यावर लिहिलेल्या मजकुराला मात्र हे प्रमाणपत्र लागत नाही.
- जाहिरातीचे पैसे, मजकूर तयार करण्याचा खर्च, खाती सांभाळणाऱ्यांचे पगार, सगळे निवडणूक खर्चात धरायचे.
- आचारसंहिता इथेही लागू असते.

मतदारांसाठी
सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशानुसार, उमेदवारावर गुन्हे प्रलंबित असतील तर पक्षाने त्यांची माहिती आणि त्यालाच का निवडले याचे कारण संकेतस्थळावर द्यायचे असते. 'निवडून येईल' एवढे कारण चालत नाही. आपल्यापैकी किती जण ते पान उघडतात?

आमचे म्हणणे
वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही पाहतो, निवडणूक आली की आपली मुले दुसऱ्यांच्या पोस्ट पुढे ढकलत बसतात. बाबासाहेबांचे नाव लावलेले खोटे वाक्यही तसेच फिरते. त्याऐवजी प्रत्येक विहाराच्या तरुण मंडळाने एक साधा ब्लॉग काढावा. वस्तीचे प्रश्न, उमेदवाराने दिलेले आश्वासन आणि तारीख त्यावर नोंदवावी. पुढच्या वेळी तोच उमेदवार दारात आला की ते पान त्याच्यापुढे धरावे.