रोमचे जलमार्ग आणि नगरचे खापरी नळ



नववीच्या वर्गात एकदा प्राचीन रोमच्या बांधकामाचा विषय निघाला. उंच कमानी, भव्य घुमट यांचे वर्णन ऐकून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे सगळे तिकडचे झाले. आपल्या गावात असे काय आहे?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर देण्यासाठी मला मुलांना घेऊन वर्गाबाहेर पडावे लागले. तेच उत्तर आपणांपुढे ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

प्रथम रोमकडे पाहू. इ. स. पूर्व ३१२ मध्ये आपियस क्लॉडियस या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली रोम शहरात पहिला जलमार्ग आला. पुढे पाच शतकांत अशा जलमार्गांची संख्या अकरावर गेली. चित्रांतून आपण फक्त कमानी पाहतो. परंतु या जलमार्गांचा बराच मोठा भाग जमिनीखालून जात असे. मध्ये दरी किंवा सखल भाग आला, तरच कमानी उभारीत. दक्षिण फ्रान्समधील नीम शहराला पाणी नेणारा रोमन जलमार्ग सुमारे ५० किलोमीटर लांब होता आणि एवढ्या अंतरात त्याला मिळालेला एकूण उतार सुमारे साडेबारा मीटरच होता. विद्यार्थ्यांनी भागाकार करून पाहावा: किलोमीटरमागे पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक वीत! उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम झिजवते, कमी झाला तर गाळ साचतो. पंप नाही, वीज नाही. केवळ अचूक मोजमापाच्या बळावर पाणी डोंगरातून शहरात येत असे.

रोमन लोकांचा व्हिट्रूव्हियस नावाचा एक वास्तुशास्त्रज्ञ होऊन गेला. शिशाच्या नळापेक्षा भाजलेल्या मातीचा नळ चांगला, असे त्याचे मत होते. शिसे आरोग्याला घातक आहे, मातीच्या नळातील पाणी चवीला गोड लागते आणि नळ फुटला तर कोणालाही दुरुस्त करता येतो, ही त्याची कारणे. नळाचे एक टोक निमुळते करून ते पुढच्या नळात बसवावे आणि सांधा तेलात मळलेल्या चुन्याने बंद करावा, असेही तो सांगतो.

आता आपल्या नगरकडे वळू. मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य स्थापन केले आणि सीना नदीकाठी अहमदनगर वसविले. हेच शहर २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने ओळखले जाते. हा मुलूख कमी पावसाचा. राजधानी तर मोठी, बागांची आणि हौदांची. तेव्हा कारागिरांनी कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा उंचावरील गावांच्या शिवारात जमिनीतले पाणी गोळा केले आणि जमिनीखालून शहरात आणले. त्यासाठी भाजलेल्या मातीचे नळ एकमेकांत बसवून चुन्याच्या बांधकामात पुरले. यांनाच आपले लोक खापरी नळ म्हणतात. हवा खेळावी आणि गाळ काढता यावा म्हणून वाटेत जागोजाग झरोके ठेवले. शहरात हे पाणी महालांच्या, मशिदींच्या आणि रस्त्यांवरच्या हौदांत पडे. १५८३ मध्ये सलाबतखानाने पूर्ण केलेला फराहबाग महाल तर तलावाच्या मध्यभागी उभा होता!

आपल्या कारागिरांनी रोम पाहून हे केले, असे मात्र समजू नये. जमिनीखालून पाणी आणण्याची विद्या इराणात फार प्राचीन काळापासून होती आणि दख्खनच्या दरबारांचा इराणशी निकटचा संबंध होता. मातीचा नळ, चुन्याचा सांधा आणि उताराचे गणित यांना देशाची किंवा धर्माची सीमा नसते, हेच यावरून दिसते. नगरच्या दरबारात गुलाम म्हणून आलेला आणि पुढे निजामशाहीचा आधारस्तंभ झालेला मलिक अंबर याने खडकी, म्हणजे नंतरचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे असेच पाणी आणले. ती नहर त्याच्याच नावाने प्रसिद्ध आहे.

परंतु बांधणे ही अर्धीच गोष्ट आहे. इ. स. ९७ मध्ये रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख झालेल्या फ्रॉन्टिनसने आपल्या ग्रंथात चोरून जोडलेल्या नळांची आणि अखंड चालणाऱ्या दुरुस्तीची हकिकत लिहून ठेवली आहे. ५३७ मध्ये गॉथ लोकांनी वेढा घालून जलमार्ग तोडले, तेव्हा त्या महानगराचे हाल झाले. आपल्याकडे १६०० मध्ये शहर मोगलांकडे गेले, १६३६ मध्ये निजामशाही संपली. तरी खापरी नळ चालूच राहिले. इंग्रजी अमदानीतही नगरपालिका ते दुरुस्त करून वापरीत होती. पुढे वस्ती वाढली, मुळा धरणाचे पाणी आले आणि जुने नळ बुजत गेले.

त्या दिवशी आम्ही असाच एक उघडा पडलेला, फुटका नळ पाहिला. सर्व मुले नुसती पाहत होती. एक मुलगा मात्र खाली बसला, त्याने सांध्यावरून बोट फिरवले आणि म्हणाला, "सर, चुना अजून धरून आहे. पण एवढ्या लांब पाणसळ कशी लावली असेल?" हा मुलगा एका गवंड्याचा. पुढच्याच आठवड्यात त्याचे वडील शाळेत दाखला मागण्यासाठी आले. "पोरगा कामाला लागेल, त्याला भूमिती कशाला?" असे ते म्हणाले. मी त्यांना नीमच्या जलमार्गाचा तो एक वितीचा हिशेब सांगितला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "उताराचं काम सगळ्यांत अवघड असतं, सर. आम्ही अंदाजानं करतो." त्यांनी दाखला नेला नाही. तो मुलगा आज दहावीत आहे.

पालकहो, हाताचे कसब आपल्या घरांत आहेच. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. त्याला गणिताची जोड मिळाली, तर आपलीच मुले उद्या पाणी आणतील आणि आलेले पाणी राखतीलही. मुलांनो, येत्या सुट्टीत एखादा जुना हौद किंवा झरोका जाऊन पाहा. त्यात कचरा टाकू नका. आणि हे पाणी येथवर कसे आले असेल, याचा हिशेब वहीत मांडून मला आणून दाखवा.